समोर कोण उभं आहे? बुकी आणि बेटिंग एक्स्चेंज यांतला फरक

आयपीएलचे दिवस होते. रात्रीची जेवणं झाल्यावर भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर चालू सामना, दोन संघांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोन चौकोन: एक निळा, एक गुलाबी. निळ्यात १.८६, गुलाबीत १.८८, खाली बारीक अक्षरांत रकमा. "मामा, ह्यात बुकी नाहीच," तो म्हणाला. "एक्स्चेंज आहे, शेअर बाजारासारखं. माणसं माणसांशी पैज लावतात. मग फसवणूक होईलच कशी?"

एक्स्चेंजचं वर्णन त्याने बरोबर केलं होतं. पण त्याच्या फोनमधली वस्तू एक्स्चेंज नव्हती. हे त्याला पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण आधी बुकी म्हणजे काय आणि खरं एक्स्चेंज म्हणजे काय हे उलगडून सांगावं लागलं. असे चौकोन आज कितीतरी घरांतल्या फोनवर उघडतात, म्हणून ते सगळं इथे लिहितो आहे.

माझे वडील पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात एका गाळ्यावर दिवाणजी होते. तिथे दोन तऱ्हेची माणसं असायची. एक व्यापारी. तो स्वतःच्या पैशाने माल घेतो, गोदामात ठेवतो. भाव चढला तर कमावतो, पडला तर त्याचंच नुकसान. दुसरा अडत्या. तो माल विकत घेत नाही. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देतो, तोल होतो, सौदा वहीत चढतो आणि झालेल्या विक्रीवर तो आपली अडत कापून घेतो. गूळ महाग गेला काय, स्वस्त गेला काय, ढेपा आल्या आणि गेल्या की त्याचं भागलं. वडील म्हणायचे, व्यापाऱ्याला घोर भावाचा आणि अडत्याला घोर आवकेचा.

बुकी हा व्यापारी आहे आणि एक्स्चेंज हा अडत्या. पुढचं जवळजवळ सगळं या एका वाक्यातून निघतं.

बुकीपासून सुरू करू, आणि त्यासाठी इंग्लंडला जाऊ, कारण हा धंदा तिथे उघडपणे, परवाना घेऊन चालतो. लॅडब्रोक्स ही बुकी कंपनी १८८६ पासूनची, विल्यम हिल १९३४ पासूनची. १९६० च्या कायद्यानंतर, मे १९६१ पासून, गावोगावच्या रस्त्यांवर पैजेची दुकानं उघडली. बुकमेकर म्हणजे वही मांडणारा. कोणत्या निकालावर किती पैसे आले आणि तो निकाल लागला तर किती द्यावे लागतील, याची ती वही.

समजा दोन अगदी तुल्यबळ संघ आहेत. खरा भाव दोन्हीकडे २.०० असायला हवा: शंभर लावले आणि जिंकलात, तर मूळ शंभर धरून दोनशे परत. बुकी मात्र दोन्हीकडे १.९० देतो. एकाने या संघावर शंभर लावले, दुसऱ्याने त्या संघावर. गल्ल्यात दोनशे आले. कुणीही जिंको, एकशे नव्वद द्यायचे. दहा राहिले. हेच टक्क्यांत बघायचं तर शंभराला भावाने भागा. १.९० चे ५२.६३ टक्के होतात, दोन्ही संघांचे मिळून १०५.२६. सगळ्या शक्यतांची बेरीज खरं तर शंभरच असते. वरचे सव्वापाच ही बुकीची जागा. फुटबॉलमध्ये यजमान २.१०, बरोबरी ३.३०, पाहुणे ३.४० असे भाव दिसले तर बेरीज १०७ च्या वर जाते. पुष्कळ घोडे पळणाऱ्या शर्यतीत ती आणखी फुगते. ही बेरीज करायला दोन मिनिटं लागतात आणि समोरचा आपल्याकडून किती घेतो आहे ते कागदावर उतरतं. भाच्याला मी सगळ्यात आधी तीच करायला लावली.

पण दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले, असं पुस्तकातच घडतं. लोक लाडक्या संघावर, लाडक्या जॉकीवर तुटून पडतात. वही एका बाजूला कलते. मग बुकी काय करतो? कललेल्या बाजूचा भाव कमी करतो, म्हणजे तिकडे येणारे थांबतील, आणि दुसऱ्या बाजूचा वाढवतो. तरी नाही भागलं तर आपल्या अंगावरची जोखीम दुसऱ्या बुकीकडे उतरवतो, म्हणजे स्वतःच जाऊन तिथे पैज लावतो. आणि हेही जमलं नाही तर काय होतं, ते २८ सप्टेंबर १९९६ ला अ‍ॅस्कॉटच्या मैदानावर दिसलं.

त्या दिवशी फ्रँकी देत्तोरी हा जॉकी सातही शर्यतींत उतरणार होता. इंग्लंडभर हजारो साध्या लोकांनी पाच-दहा पौंडांच्या साखळी पैजा लावल्या होत्या. देत्तोरीचा एक घोडा जिंकला की ते सगळे पैसे आपोआप पुढच्या घोड्यावर जाणार. सहसा अशी साखळी दुसऱ्या-तिसऱ्या कडीला तुटते. त्या दिवशी तो सहा शर्यती ओळीने जिंकला. सातव्या शर्यतीत त्याचा घोडा होता फुजियामा क्रेस्ट, सकाळी ज्याला एकास बारा असा भाव होता, म्हणजे एका पौंडावर बारा पौंड नफा, मूळ पौंड वेगळा. आता मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की हा घोडा आला तर कोट्यवधी पौंड द्यावे लागतील. साखळी पैजांचा हिशेब बहुतेक वेळा शर्यत सुटताना मैदानावर जो भाव असेल त्याने होतो. म्हणून कंपन्यांनी मैदानावरच्या बुकींकडे त्या घोड्यावर पैशाचा लोंढा सोडला, भाव पाडण्यासाठी. बारावरून तो घसरत घसरत दोनवर आला.

मैदानावर गॅरी विल्टशर नावाचा बुकी उभा होता. त्याचा हिशेब साधा होता. या घोड्याची खरी ताकद एकास दोनची नाहीच, नुसत्या पैशाच्या रेट्याने भाव पडला आहे. म्हणजे या भावाने पैजा घेत राहणं फायद्याचं. तो घेत राहिला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण फुजियामा क्रेस्ट पहिल्यापासून पुढे राहिला आणि मानेच्या अंतराने जिंकला. एका शर्यतीत विल्टशरचे दहा लाख पौंडांहून जास्त गेले. घर गेलं, गाड्या गेल्या, आणि पुढची काही वर्षं तो देणी फेडत राहिला. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण त्याने देणं टाळलं नाही.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण बुकी म्हणजे काय ते हिच्यात पूर्ण दिसतं. तुमच्या पैजेच्या समोर तो स्वतः, स्वतःचे पैसे घेऊन उभा असतो. तुम्ही जिंकलात की तो हरतो. म्हणून सतत जिंकणाऱ्या ग्राहकाची त्याला भीती वाटते, आणि त्या भीतीतूनच इंग्लंडमधल्या पैजकऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार जन्मली आहे: थोडे दिवस हुशारीने जिंकलं की खात्यावर मर्यादा येते, शंभर पौंड लावायला गेलं तर पडद्यावर येतं की दोनच पौंड स्वीकारू. हरणाऱ्यावर अशी मर्यादा सहसा येत नाही.

आता अडत्याकडे वळू.

जून २००० मध्ये लंडनमध्ये बेटफेअर सुरू झालं. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे हे दोघं त्याचे संस्थापक. ब्लॅक संगणकाचा आणि पैजांचा जाणकार, रे जेपी मॉर्गनमधून आलेला, म्हणजे रोखे बाजाराचा माणूस. गंमत म्हणजे ब्लॅकचे आजोबा, सर सिरिल ब्लॅक, विम्बल्डनचे खासदार होते आणि जुगाराचे कट्टर विरोधक. नातवाने बुकीच्या धंद्याचा पायाच बदलला. उद्‌घाटनाच्या वेळी या मंडळींनी लंडनच्या रस्त्यांवरून शवपेट्यांची मिरवणूक काढली होती, बुकमेकर मेला अशी दवंडी देत.

कल्पना अशी. शेअर बाजारात घेणारे आणि विकणारे आपापले भाव मांडतात, भाव जुळला की सौदा होतो. पैजेचंही तसंच का होऊ नये? आपल्याकडच्या सट्टाबाजाराच्या बोलीत यासाठी दोन नेमके शब्द मुरलेले आहेत: लावणं आणि खाणं. अमुक संघ जिंकेल म्हणून पैसे टाकणं म्हणजे लावणं. अमुक संघ जिंकणार नाही असं धरून समोरच्याची पैज स्वतःच्या अंगावर घेणं म्हणजे खाणं. बुकी आयुष्यभर हे दुसरं काम करतो. अ‍ॅस्कॉटला विल्टशर तेच करत होता. एक्स्चेंजने हे काम कुणालाही करायची मुभा दिली. मला विचाराल तर दोन्ही पद्धतींमधला खरा फरक हाच. बाकीचे सगळे फरक याच्या मागून येतात.

भाच्याच्या पडद्यावरचे चौकोन म्हणजे हीच मांडणी. निळ्यातला १.८६ हा लावणाऱ्याला आत्ता मिळणारा भाव, आणि त्याखालची रक्कम म्हणजे त्या भावाने खायला तयार बसलेल्या लोकांचे पैसे. गुलाबीतला १.८८ हा खाणाऱ्यासाठीचा भाव, आणि त्याखाली त्या भावाची वाट बघत बसलेल्या लावणाऱ्यांचे पैसे. तुम्हाला १.८६ पटला तर लगेच घ्या. नाही पटला तर १.८८ मागा आणि रांगेत उभे राहा. कुणी खाणारा आला तर सौदा, नाही आला तर पैसे परत.

खाण्याचं गणित नवख्याला फसवतं, म्हणून ते सावकाश बघा. १.८८ ने शंभराची पैज खाल्ली आणि तो संघ हरला, तर समोरच्याचे शंभर तुमचे. संघ जिंकला, तर तुम्ही त्याला अठ्ठ्याऐंशी द्यायचे. इथपर्यंत ठीक. पण बाराच्या भावाचा एखादा दुबळा घोडा दिसला, हा काही येत नाही असं मनात धरलं आणि शंभराची पैज खाल्ली, तर जिंकल्यास शंभर आणि हरल्यास अकराशे. दहा वेळा शंभर-शंभर खिशात पडतात, आपल्याला धंदा कळला असं वाटू लागतं, आणि अकराव्या वेळी सगळं जाऊन वर शंभर द्यावे लागतात.

एकाच पैजेत आधी लावून मग खाताही येतं. एखाद्या संघावर ३.०० ने शंभर लावले. त्यांनी चांगली सुरुवात केली, भाव २.०० वर आला. आता त्याच संघाची दीडशेची पैज खाल्ली. संघ जिंकला तर पहिल्या पैजेचे दोनशे आले, दुसरीचे दीडशे गेले. हरला तर पहिलीचे शंभर गेले, दुसरीचे दीडशे आले. दोन्हीकडून पन्नास. सामना संपायच्या आत माणूस मोकळा. शेअर घेऊन विकण्यासारखंच हे, आणि भाव उलटा गेला तर नुकसानही तसंच पक्कं होतं. एक्स्चेंजवर कायमचे बसलेले बरेच लोक खेळातल्या निकालापेक्षा भावाच्या चढउतारावरच जगतात.

अडत्या किती कापतो? बेटफेअरचा जुना, रूढ दर पाच टक्के, आणि तोही एका बाजारातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर. हरणाऱ्याकडून काही नाही. आता बुकीशी ताडून बघू. एक्स्चेंजवर एका संघाचा लावायचा भाव १.८६ आणि दुसऱ्याचा २.१४ असेल, तर टक्क्यांची बेरीज होते १००.४९, जवळजवळ शंभर. त्याच सामन्याला बुकी समजा १.८० आणि २.०० देतो, बेरीज साडेपाच टक्के वर. पहिल्या संघावर शंभर लावून जिंकलात तर बुकीकडून ऐंशीचा नफा; एक्स्चेंजवर शहाऐंशी, त्यातून चार रुपये तीस पैसे अडत, उरले एक्याऐंशी सत्तर. फरक दीड-दोन रुपयांचा. म्हणून मोठ्या दावेदाराच्या बाबतीत एक्स्चेंजचा फायदा अगदी बारीक असतो. दुबळ्या घोड्यांवर मात्र तो ठळक दिसतो. बुकी त्यांचे भाव आखडून ठेवतो, कारण एकच लागला तरी वही उलटते. एक्स्चेंजवर त्याच घोड्याला बरेचदा पुष्कळ मोठा भाव मिळतो.

बेटफेअर एकटं नव्हतं. त्याच वर्षी फ्लटर नावाची कंपनीही उतरली होती आणि तिच्याकडे पैसा जास्त होता. पण तिथली रचना वेगळी होती. तुम्ही वीस पौंडांची पैज फलकावर लावायची आणि कुणीतरी ती तशीच्या तशी उचलायची. बेटफेअरने एका भावावरचे सगळ्यांचे पैसे एकत्र ओतले. तुमचे वीस पौंड तिघांच्या सात, दहा आणि तीन पौंडांशी जुळू शकत होते. किंवा बारा जुळून आठ रांगेत राहू शकत होते. दिसायला छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे आवक वाढली, आणि अडत्याला हवी असते ती आवकच. दोन वर्षांच्या आत फ्लटर बेटफेअरमध्ये विलीन झाली. पुढे २०१६ मध्ये बेटफेअर पॅडी पॉवर या बुकी कंपनीशी एक झालं, आणि २०१९ मध्ये त्या एकत्रित कंपनीने फ्लटर हेच जुनं नाव घेतलं. म्हणजे ज्याच्या अंत्ययात्रेने सुरुवात केली, तो बुकी आणि हे एक्स्चेंज आता एकाच घरात राहतात.

तसं होणं साहजिकही होतं, कारण एक्स्चेंज बुकीची सगळी कामं करूच शकत नाही. बुकी कशाचाही भाव सांगतो. एक्स्चेंजवर समोर कुणी नसेल तर चौकोन रिकामे. मोठा फुटबॉल सामना, इंग्लंडमधली शर्यत, क्रिकेटचा मोठा सामना असला की तिथे पैशाचा पूर असतो. एखाद्या लहान स्पर्धेत मात्र भावांमध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर. साखळी पैज तर बुकीचाच प्रांत. लेस्टर सिटीचं उदाहरण घ्या. २०१५ च्या मोसमाआधी इंग्लंडमधल्या बुकींनी हा संघ विजेता ठरण्याला एकास पाच हजार भाव लावला होता, आणि मे २०१६ मध्ये तो विजेता झाला. बेटफेअरवर असा भाव मिळणं शक्यच नव्हतं. तिथे भावाची वरची हद्द १००० आहे आणि खालची १.०१. बुकींना लेस्टरचे पैसे आपल्या तिजोरीतून द्यावे लागले. एक्स्चेंजने एक पौंडही दिला नाही. तिथे हजारपर्यंतच्या भावांनी लागलेल्या लेस्टरच्या पैजांचे पैसे कुठल्यातरी घरात बसलेल्या माणसांच्या खात्यांतून गेले, ज्यांनी हे कधीच होणार नाही असं समजून त्या पैजा खाल्ल्या होत्या.

ते पैसे नक्की मिळतील याची हमी कोण देतं? खऱ्या एक्स्चेंजच्या मुळाशी एक नियम आहे: पैज खाताना तुम्ही जास्तीत जास्त जेवढं हरू शकता, तेवढी रक्कम आधीच तुमच्या खात्यात हवी, आणि सौदा होताक्षणी ती कुलूपबंद होते. उधारी नाही. हे कुलूप एकदा उघडं राहिलं होतं. २८ डिसेंबर २०११, आयर्लंडमधलं लेपर्ड्सटाउन. व्होलेर ला व्हेदेत नावाची घोडी शर्यतीत पुढे होती, जिंकणारच होती, आणि बेटफेअरवर तिला एकास अठ्ठावीस असा भाव दिसत होता, तोही दोन कोटी पौंडांहून जास्त रकमेसाठी. कुणाच्या तरी आपोआप चालणाऱ्या प्रणालीने त्या पैजा खायला मांडल्या होत्या. हे देणं झालं असतं साठ कोटी पौंडांच्या घरात, आणि त्या खात्यात हजार पौंडही नव्हते. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे तपासणीचं कुलूप लागलंच नव्हतं. बेटफेअरने शर्यत सुरू असतानाच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. ज्यांनी तो भाव घेतला होता ते संतापले, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. अडत्याची पत एका गोष्टीवर उभी असते: त्याने गाठ घालून दिली की पैसे मिळतात.

दुसरा मोठा आक्षेप खाण्यावरच आहे, आणि मला तो वजनदार वाटतो. घोड्याला जिंकवणं कठीण, हरवणं सोपं. पूर्वी हरण्यावर कमवायचं तर बुकी असावं लागे. आता तबेल्यातल्या कुणालाही फोनवरून ते करता येईल. म्हणून ब्रिटिश शर्यतींच्या नियमांत मालकाने किंवा प्रशिक्षकाने स्वतःच्या घोड्याविरुद्ध पैज घेणं हा गुन्हा ठरवला गेला. एक्स्चेंजवाल्यांचं उत्तर असं की आमच्याकडे प्रत्येक पैशाची नोंद राहते, त्यामुळे काळंबेरं उलट लवकर दिसतं. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोतला निकोलाय दाविदेन्को आणि मार्तिन वासाय्यो अर्ग्वेयो यांच्या टेनिस सामन्यात तसंच झालं. दाविदेन्को पहिला सेट जिंकला तरी पैसे प्रतिस्पर्ध्यावरच पडत राहिले, आणि मग दुखापतीमुळे दाविदेन्कोने सामना सोडला. बेटफेअरने सगळ्या पैजा रद्द केल्या. चौकशी वर्षभर चालली आणि २००८ मध्ये दोन्ही खेळाडू निर्दोष ठरले. पण टेनिसमधल्या देखरेखीची चर्चा तेव्हापासून गंभीर झाली.

इथे भाच्याने मला थांबवलं. "म्हणजे एक्स्चेंज बुकीपेक्षा चांगलंच ना?" भाव चांगला मिळतो, हे खरं. जिंकणाऱ्याला हाकलत नाहीत, हेही बऱ्याच अंशी खरं. बऱ्याच अंशी म्हणतो, कारण सतत जिंकणारे थोडे लोक बाकीच्यांचे खिसे रिकामे करतात, आणि खिसे रिकामे झाले की आवक आटते. म्हणून बेटफेअरने २००८ मध्ये फार जिंकणाऱ्यांवर वीस टक्क्यांचा जादा आकार बसवला आणि २०११ मध्ये काहींसाठी तो साठ टक्क्यांपर्यंत नेला.

पण मला त्याला वेगळंच सांगायचं होतं. बुकीकडे तुमच्यासमोर बुकी असतो. एक्स्चेंजवर तुमच्यासमोर असतो तो तुमच्यासारखा हौशी माणूस, असं वाटतं. बहुतेक वेळा तो तसा नसतो. तो दिवसभर हेच काम करणारा, मोठ्या पैशाचा, स्वतःचं सॉफ्टवेअर चालवणारा माणूस असतो. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं. तुम्ही चेंडू टाकताना बघता तेव्हा मैदानावर बसलेल्या कुणाला तरी विकेट पडल्याचं कळलेलं असतं. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मेलबर्नच्या पोलिसांनी कोर्टाजवळून असे गुण कळवणाऱ्या एका तरुणाला पकडलं होतं. पुढे तो आरोप मागे घेतला गेला. एक्स्चेंजवाले अशांसाठी चालू सामन्यातली पैज काही सेकंद अडवून धरतात, तरी आधी कळण्याची ही चढाओढ चालूच आहे. अडत्या दोघांनाही सारखाच वागवतो. म्हणून दोघं सारखे होत नाहीत.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना तिसरी एक पद्धत माहीत असेल, टोट. तिथे आधी ठरलेला भाव नसतो. सगळ्यांचे पैसे एका हंडीत जातात, त्यातून ठरलेला हिस्सा कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. परवानाधारक बुकी आणि टोट दोन्ही तिथे शेजारीशेजारी चालतात. मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या चौकटीत परवान्याच्या रेसकोर्सवरच्या शर्यतीच्या पैजेला वाट आहे. क्रिकेटच्या पैजेला नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे.

मग भाच्याच्या फोनमध्ये काय होतं? त्याला ते अ‍ॅप कुठल्या दुकानात मिळालं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून एका ओळखीच्या मुलाने 'आयडी' दिला होता. मी विचारलं, आधी किती भरलेस? काहीच नाही. पंधरा हजारांची 'लिमिट' मिळाली होती, हिशेब आठवड्याला. तिथेच मला उत्तर मिळालं. ज्या बाजारात समोरच्याची रक्कम आधी कुलूपबंद करावी लागते, तिथे उधारीवर बसायला कोण देईल? उधारी तोच देतो, ज्याला तुमच्या हरण्यातून पैसे मिळणार असतात. असल्या अ‍ॅपमागे खालून वर साखळी असते: एजंट, त्याच्यावर मास्टर, त्याच्यावर सुपर मास्टर, आणि ग्राहक जे हरतो त्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पडद्यावरचा भाव बाहेरच्या खऱ्या एक्स्चेंजवरून उचललेला असू शकतो, चौकोनही तसेच निळे-गुलाबी. पण तुमचे पैसे त्या बाजारात पोचत नाहीत. समोर एक बुकीच उभा असतो, आणि त्याच्यावर परवान्याचा, न्यायालयाचा, देणं बुडवल्याच्या बदनामीचा असा कसलाच धाक नाही. विल्टशरने घर विकून देणी फेडली. हा आयडी बंद करून मोकळा होईल.

भाच्याला हे लगेच पटलं नाही. मग मी त्याला विचारलं, "निळ्यात १.८६ आणि गुलाबीत १.८८ असताना कधी मधला १.८७ मागून बघितलास?" खऱ्या एक्स्चेंजवर तो भाव मागितला की क्षणभरात गुलाबी चौकोनात १.८७ दिसायला हवं, खाली त्याचे शंभर रुपये, आणि ते त्याच्या एकट्याच्या फोनवर नाही तर त्या बाजारात बसलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मागितला होता. दोन-तीनदा. दर वेळी 'भाव बदलला, पैज नाकारली' असं आलं. चौकोन तसेच होते."